अनामत रक्कम कोणाची?

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे आज लहानसे घरमालक झाली आहेत. वडिलांनी रेल्वेत किंवा शाळेत नोकरी केली, निवृत्त होताना फंडाचा पैसा हाती आला, त्यातून राहत्या घरावर दोन खोल्या चढविल्या आणि त्या भाड्याने दिल्या. यात गैर काही नाही. म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागू नये ही इच्छा प्रामाणिकच आहे. प्रश्न पुढचा आहे. भाडे घेतल्यावर भाडेकरूचे आपण काय देणे लागतो?

हा प्रश्न आमच्यापुढे बडोद्यात, आमच्याच घरी उभा राहिला. वरच्या खोल्यांत एक फिटर कुटुंबासह तीन वर्षे राहत होता. भाडे दरमहा 6,000 रुपये व अनामत 12,000. भाडे वेळेवर येई. मोरीच्या भिंतीला ओल येते असे त्याने दोन पावसाळ्यांत दोनदा सांगितले. आम्ही ‘बघू’ म्हटले आणि विसरलो. त्याने खोली सोडली तेव्हा गिलावा फुगून खाली आला होता. तुम्ही पाणी फार सांडता, असे म्हणून आम्ही अनामतीतून 4,000 रुपये कापले. तो काही बोलला नाही. त्याने किल्ली दिली, 8,000 मोजून घेतले आणि निघून गेला. पुढे भिंत फोडली तेव्हा गवंड्याने दाखविले की टाकीकडून येणारा आमचाच जुना नळ भिंतीच्या आत गळत होता.

म्हणजे ते चार हजार आमचे नव्हते. पण ते मागायला कोणी आले नव्हते व येणारही नव्हते. मग, ज्याचा तगादा नाही ते देणे हे देणे आहे काय?

कायदा या बाबतीत आपल्याला वाटते त्यापेक्षा अधिक बोलतो. केंद्र सरकारने 2021 साली राज्यांसाठी आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना मंजूर केला. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक नसावी, मालकाने खोलीत येण्यापूर्वी चोवीस तासांची सूचना द्यावी, रंगसफेदी व नळाच्या पाइपांची दुरुस्ती मालकाने पाहावी आणि नळाचा वॉशर भाडेकरूने बदलावा, असे त्यात आहे. राज्याने तसा कायदा केला तरच तो बंधनकारक होतो; पण न्याय कशाला म्हणावे हे त्यावरून कळते.

प्राप्तिकराचे गणितही पाहा. घरभाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा केल्यावर जे उरते त्यातून 30 टक्के सूट मिळते. समजा, वर्षाचे भाडे 72,000 आले व घरपट्टी 3,000 भरली, तर उरलेल्या 69,000 वर 20,700 रुपयांची सूट. दुरुस्तीवर खरोखर किती खर्च झाला याची पावती कोणी मागत नाही. आम्ही आमची वही काढली. त्या वर्षी वरच्या खोल्यांवर आम्ही 2,200 रुपये खर्च केले होते. सरकारने पावती मागितली नाही, म्हणून आम्हीही स्वतःला ती कधी मागितली नव्हती.

मोशेच्या नियमशास्त्रात या विषयाला लागून दोन आज्ञा आहेत. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून त्याच्या घरावर रक्ताचा दोष येणार नाही. येथे पडणाऱ्याने कठडा मागण्याची वाट पाहावी असे म्हटलेले नाही. काळजी बांधणाराची आहे. दुसरी आज्ञा अशी की, उसने देणाराने गहाण घेण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. ज्याच्यावर आपले येणे आहे त्याच्याही उंबरठ्याला मान आहे. भाडेकरूची खोली आपल्या मालकीची असली तरी ते त्याचे घर आहे.

येथे वाचक म्हणतील, “आम्ही काही सावकार नाही. बँकेचा हप्ता आहे, खोली दोन महिने रिकामी राहिली तर तोंडचे पाणी पळते, आणि भाडे बुडविणारेही भेटतात.” हे अगदी खरे आहे. न्याय म्हणजे ढिलाई नव्हे. जॉन रस्किन यांनी 1865 साली लंडनच्या मेरिलबोन भागातील तीन घरे घेऊन ऑक्टेव्हिया हिल या बाईंच्या हाती सोपविली. शेकडा 5 उत्पन्न घ्यावे व वर उरेल ते घरांच्या सुधारणेला लावावे, असे ठरले. हिल बाई थकबाकी खपवून घेत नसत. पण त्याच भाड्यातून त्या घरे दुरुस्त करीत. भाडे नियमित येते म्हणूनच दुरुस्ती होते, आणि दुरुस्ती होते म्हणूनच भाडे मागण्याचा अधिकार शाबूत राहतो. भाड्यातला दुरुस्तीचा वाटा आपण कमाई समजून खाल्ला तर आपण भाडेकरूचेही खातो आणि आपल्या भिंतीचेही.

आम्ही त्या फिटरचा पत्ता त्याच्या कारखान्यातून मिळविला व पैसे घेऊन गेलो. खरे सांगायचे तर वाटेत मनात थोडा अभिमान होता. तो आभार मानील असे वाटत होते. त्याने नोटा हातात घेतल्या, मोजल्या आणि एवढेच म्हटले, “काका, मी दोनदा सांगितलं होतं.” आम्हाला उत्तर सुचले नाही. आम्ही दया करायला निघालो होतो, आणि त्याने शांतपणे दाखवून दिले की ती परतफेड होती, तीही उशिराची.

तेव्हापासून आमच्या घरी तीन गोष्टी पाळतो. खोली देताना भिंती, नळ व दिवे भाडेकरूसोबत पाहून दोघांच्या सहीने लिहून ठेवतो. भाड्यातली ठरावीक रक्कम दरमहा दुरुस्तीसाठी वेगळी काढतो. अनामतीतून काही कापायचे झाल्यास आधी कारण शोधतो आणि खर्चाची पावती त्याच्या हाती देतो.

रविवार शाळेच्या शिक्षकांनी मोठ्या मुलांच्या वर्गात हा प्रश्न जरूर घ्यावा: ज्याचे आपण देणे लागतो तो मागायला आला नाही, तर देणे संपते काय? मुले बहुधा लगेच ‘नाही’ म्हणतील. मग त्यांना घरी जाऊन आईवडिलांना हाच प्रश्न विचारायला सांगावे.