बेटाची फेरी

भाच्याने आइसलँडचा बेत आखलाय. बेटाभोवती फिरून येणारा एकच गोल रस्ता, १९७४ साली पुरा झालेला, साधारण तेराशे किलोमीटरचा. गाडी भाड्याने घ्यायची आणि निघायचं; वाट चुकायची सोयच नाही. रविवारी शहापूरला आला तेव्हा तासभर मोबाइलवर मुक्काम, पेट्रोल पंप, धबधबे दाखवत होता. शेवटी म्हणाला, "मामा, आपल्याकडे असं बेट नाही."

मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिल फिरवली. शहापूरहून किन्हवली, मग सरळगाव. तिथे मुरबाडकडून येणारा माळशेजचा रस्ता धरायचा. टोकावडे, वैशाखरे (इथे मान वर केली की नाणेघाटाजवळचा नानाचा अंगठा), मोरोशीला भैरवगडाची उभी भिंत, आणि घाट चढून ओतूर. पुढे ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर. भंडारदऱ्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी घोटी, इगतपुरी, कसारा घाट उतरून परत शहापूर. टाकी सरळगावच्या आधीच भरून घ्यायची. जुलै-ऑगस्टात जायचं नाही. माळशेजला कधी दरड येते, कधी गर्दीमुळे बंदी लागते, आणि धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसत नाही. गणपती झाले, सोनकी फुलली, की निघायचं.

गोल पुरा झाला आणि पेन्सिल थांबली. खरंच बेट दिसत होतं. आत कळसूबाई, १,६४६ मीटर. रतनगड, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, डेहण्याच्या डोक्यावर बसलेला आजोबा डोंगर. माळशेज आणि कसारा या दोन घाटांच्या मधे सह्याद्री चढायचा तर साधले घाट किंवा नळीची वाट, म्हणजे पायांनीच, नळीच्या वाटेला तर हातांनीही. आमच्या गाडीतून यातलं काय दिसणार? कडा. कडेकडेने जाणाऱ्याला कडाच दिसतो.

भातसा धरणही याच गोलात आलं. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास इथलं, आणि उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर. पाण्यात राहून प्यायला पाणी नाही, हे बेटावरच्या माणसाचं दुखणं आमच्याकडे समुद्राशिवाय आहे. पण हे भाच्याच्या यादीत कुठल्या रकान्यात घालायचं, मला सुचलं नाही.

मराठीत बेट म्हणजे पाण्याने वेढलेली जमीन, तसंच कळकाचं दाट बनही. वेढा पाण्याचाच असला पाहिजे असं आपल्या भाषेला कधी वाटलं नाही. डांबराचाही चालेल. फक्त त्या वेढ्याकडे आतून बघावं लागतं, आणि आतून बघणारा एकजण मला ठाऊक आहे.

२००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. बाहेर काढल्यावर वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारा पट्टा बांधला, आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. वयस्क आणि शांत, म्हणून नाव ठेवलं आजोबा. पुढे २०१४ मध्ये त्याच्यावर त्याच नावाचा चित्रपटही आला. हा आजोबा माळशेजहून निघाला तो कसाऱ्यापाशी रेल्वेचे रूळ आणि महामार्ग ओलांडून पश्चिमेला गेला, वसईची खाडी पोहला आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. सुमारे सव्वाशे किलोमीटर, महिन्याभराच्या आत. मुक्काम ठरलेले नाहीत, नकाशा नाही. पट्टा ठिपके पाठवत होता म्हणून आपल्याला कळलं, नाहीतर तो कुणाच्या घरामागून गेला हे त्या घरालाही कळलं नसतं.

ते ठिपके मी अंदाजाने कॅलेंडरवर काढले. माझ्या सुबक गोलाच्या आतून निघून कसाऱ्यापाशी रेघ छेदून बाहेर. आमच्यासाठी जो रस्ता, तो त्याच्यासाठी मधे पडलेली खाडी. फरक इतकाच की वसईच्या खाडीला भरती-ओहोटी आहे, महामार्गाला ओहोटी नाही. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडताना कुठल्याशा गाडीने त्याला उडवलं.

भाच्याला फेरी पसंत पडली. त्याने मोबाइलवर सगळं उतरवून घेतलं आणि दुसरा दिवस थोडा ताणला: भंडारदऱ्याला सूर्यास्त बघून निघू, रात्री दहापर्यंत शहापूर.

मी म्हटलं, "तेवढं बदल. अंधार पडल्यावर घाटात गाडी नाही. आणखी एक मुक्काम वाढला तरी चालेल."

"का? धुकं असतं?"

"धुकंही असतं," मी म्हटलं.