परका की पाहुणा?

अनोळखी शहर प्रथम पाहताना आपण शहर पाहतो, की आपल्याच मनात साठलेल्या समजुती? काही वर्षांपूर्वी पहाटे नैरोबीच्या विमानतळावर उतरलो तेव्हा हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला.

आफ्रिका म्हणजे रणरणते ऊन, ही माझी शाळेपासूनची समजूत. परंतु विषुववृत्ताजवळचे हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. अंगात पातळ सदरा आणि बाहेर बोचरी थंडी! 'नैरोबी' हे नावच मासाई भाषेतील 'थंड पाणी' या अर्थाच्या शब्दांवरून आले आहे, हे नंतर कळले. पहिली समजूत हवेनेच मोडली. दुसरी मोडायला माणूस भेटावा लागला.

दाराशी एक कृष्णवर्णी तरुण पुढे आला आणि त्याने माझ्या बॅगेला हात घातला. "सामान सांभाळा, फादर," असे निघताना अनेकांनी बजावले होते. मी बॅग झटक्याने ओढून घेतली. त्याने खिशातून माझे नाव लिहिलेला कागद काढला आणि शांतपणे म्हटले, "करिबू." म्हणजे, आपले स्वागत असो. यजमान धर्मग्रामानेच त्याला मला न्यायला पाठविले होते.

वाटेत त्याने मला काही स्वाहिली शब्द सांगितले. गाडीला 'गारी', चहाला 'चाय', दुकानाला 'दुका'! मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला. त्यासाठी सुमारे बत्तीस हजार मजूर भारतातून नेले होते. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तेथेच मरण पावले. नैरोबी वसली ती १८९९ साली, त्याच मार्गावरील तळ म्हणून. आणि देशातील पहिली प्रवासी आगगाडी १८५३ साली ज्या ठाण्यात आली, तेथून गेलेला मी त्या शहराला सर्वस्वी परके मानीत होतो!

आणखी एक शब्द त्याने सांगितला, 'म्गेनी'. परका तोही म्गेनी आणि पाहुणा तोही म्गेनी. आपल्याकडे मात्र दोन शब्द आहेत आणि त्यांच्यामध्ये उंबरठा आहे.

मनात दचकून उठणारी भीती हे पाप नव्हे. ती आपल्या संमतीवाचून येते. सेमिनरीत हा भेद आम्ही शिकलो होतो. परंतु त्या भीतीलाच ज्ञान मानून वागू लागलो, की तेथे संमती येते आणि जबाबदारीही. मग सावधगिरी नको काय? अवश्य हवी. पण सावधगिरी माणसाची कृती पाहते, पूर्वग्रह त्याचा वर्ण पाहतो. त्या पहाटे एखादा गोरा तरुण पुढे आला असता, तर मी बॅग ओढली असती काय? उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते मला भूषणावह नाही.

परतल्यावर एका रविवारी मिस्सेच्या वेळी शेवटच्या बाकावर एक आफ्रिकन विद्यार्थी बसलेला दिसला. चर्च भरले होते. काही जण उभे होते. त्याच्या शेजारची जागा मात्र रिकामीच होती. डोंबिवली लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी सरकून जागा करून देणारी आपण माणसे! त्यालाही या शहराचे प्रथमदर्शन घडतच होते. ते कसे व्हावे, हे आपल्या हाती होते.

वाचकहो, पुढच्या रविवारी थोडे सरकून बसू या.