गोऱ्ह्याचा हिशेब

घरच्या दुधासाठी एखादी देशी गाय पाळावी, हा विचार जालना जिल्ह्यातल्या शिकल्यासवरल्या कुटुंबांतही मूळ धरू लागला आहे. पिशवीतल्या दुधावरचा विश्वास डळमळला आहे. भेसळीच्या, पान्हा सोडवण्यासाठी टोचल्या जाणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या बातम्या कानावर येत राहतात. आपल्या दावणीची गाय असेल, आपल्या डोळ्यांदेखत धार काढली जाईल, तर दूधही चांगलं आणि कुणावर अन्यायही नाही, अशी ही धारणा आहे. ती मला मोलाची वाटते, म्हणूनच ती शेवटपर्यंत तपासून पाहायला हवी. दूध निर्दोष आहे की नाही, हे धार काढताना ठरत नाही. गाय व्याली आणि गोऱ्हा झाला, तर पुढे त्याचं काय होतं, यावर ते ठरतं.

वासराशिवाय दूध नाही. लाल कंधारी आणि देवणी या मराठवाड्याच्या गाई. लाल कंधारी एका वेतात सरासरी 600 लिटरच्या आसपास दूध देते, देवणी त्याहून काहीशी जास्त. चिकावर पहिला हक्क वासराचा. जन्मल्यावर काही तासांत तो पोटात गेला नाही, तर रोगाशी झुंजायची ताकदच त्याला मिळत नाही. पुढेही एक सड वासरासाठी राखला, तर घराच्या वाट्याला रोज दीड-दोन लिटर येतं. लहान कुटुंबाला ते पुरतं. इथवर सगळं जुळतं.

आता पुढचं बघू. गाय आयुष्यात आठ वेळा व्याली असं धरलं, तर निम्मे गोऱ्हे होणार. चांगली निगा राखली तर जनावर पंधरा-वीस वर्षं जगतं. एका गाईच्या दुधाची जबाबदारी घेणाऱ्याने चार गोऱ्ह्यांची, चार कालवडींची आणि भाकड झालेल्या गाईची जबाबदारीही घेतलेली असते. पूर्वी हा प्रश्न उभाच राहत नव्हता, कारण शेतकऱ्याला गाय मुळात बैलासाठी हवी असे आणि दूध ही वरकमाई होती. ट्रॅक्टर आला, नांगरट बैलावरून उतरली आणि गोऱ्ह्याची किंमत गेली. गाईच्या हत्येवर राज्यात 1976 च्या कायद्याने बंदी होतीच. 1995 मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला 2015 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल, वळू यांच्या हत्येवरही बंदी आली. या कायद्याबद्दल कुणाचं मत काहीही असो, त्याने शेतकऱ्याच्या दारातला जुना सौदा बंद केला आणि नको असलेल्या जनावराच्या पोटापाण्याची सोय मात्र लावून दिली नाही. त्यामुळे कुणी गोऱ्ह्याला दूध तोडून मरू देतो, कुणी रात्री दुसऱ्या गावच्या शिवारात सोडून येतो. घरच्या शुद्ध दुधाची खरी किंमत अशा वेळी भलताच कुणीतरी मोजतो.

दुसरा प्रश्न वैरणीचा. गाईला रोज 5-6 किलो वाळली वैरण धरली, तरी वर्षाला 2 टन लागते. जालन्यात ती येत होती ज्वारीच्या कडब्यातून. 1960 च्या दशकात संकरित ज्वारी आली. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको स्थापन केली आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. धान्य वाढलं, पण संकरित ज्वारीचं ताट बुटकं. पुढे खरिपाचं रान कापूस आणि सोयाबीनने व्यापलं. कापसाची पऱ्हाटी चुलीत जाते, सोयाबीनचं कुटार कडब्याची बरोबरी करत नाही. चराऊ रानांची गोष्ट त्याहून जुनी आहे. जंगल खात्याने शेतकऱ्यांची गायरानं हिरावून घेतल्याची तक्रार जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये केली होती. उरलेल्या गायरानांवर आज भूमिहीन कुटुंबं पोट भरतात. मराठवाड्यात त्या जमिनीसाठी दलित शेतमजुरांनी दीर्घ लढे दिले आहेत. आपल्या गाईला चरायला हवं म्हणून त्यांना हुसकावणं कोणत्याही नीतीत बसणार नाही. गाय पाळायची तर वैरण आपल्याच रानात पिकवावी लागेल.

आणि पाऊस? 2012-13 च्या दुष्काळात या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. एका गाईला उन्हाळ्यात पाणीच रोज 40-50 लिटर लागतं. गाव टँकरवर असेल, तेव्हा ते कुठून आणायचं याचं उत्तर गाय दारात बांधण्याआधी तयार हवं.

दुधाच्या गुणाबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. देशी गाईचं दूध म्हणून ते औषधी, असं त्यातल्या ए-टू प्रथिनाच्या नावावर सांगितलं जातं, पण त्याला ठाम पुरावा नाही. दूध चांगलं होतं ते स्वच्छ कासेने, कोरड्या गोठ्याने आणि बुरशी न लागलेल्या पेंडीने. सरकीची ओली, कोंदट पेंड खाऊ घातली, तर तिच्यातलं बुरशीचं विष दुधात उतरतं आणि उकळूनही जात नाही. कासदाहावर प्रतिजैविक दिलं असेल, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध घरात आणू नये. क्षय आणि सांसर्गिक गर्भपात हे रोग दुधातून माणसाला होतात. म्हणून गाईची तपासणी करून घ्यावी आणि घरचं असलं तरी दूध उकळूनच प्यावं.

हे सगळं मांडतो ते कुणाला परावृत्त करायला नाही. वाट आहे. जालन्यात कपाशी-सोयाबीनच्या कोळपणीला बैल अजून लागतो आणि लहान शेतकऱ्याला जोडी विकत घेणं परवडत नाही. गाव-शिवारात राहणाऱ्याने मराठवाड्याचीच गाय ठेवली, तर तिचा गोऱ्हा कामाचा होतो. संकरित गाईच्या, वशिंड नसलेल्या गोऱ्ह्याला आपल्या उन्हात जू झेपत नाही. ज्याला बैल नकोच आहे, त्याने लिंगवर्गीकृत रेतन वापरावं. त्यातून सुमारे 90 टक्के कालवडी होतात. दर वर्षी गाय गाभण गेलीच पाहिजे, हा हट्टही घरापुरतं दूध हवं असणाऱ्याने धरू नये. दोन-तीन घरांनी मिळून एक गाय ठेवावी. दूध वाटून घ्यावं, भाकड काळाचा खर्चही वाटून घ्यावा आणि निदान अर्धा एकर ज्वारी कडब्यासाठी पेरावी.

शहरात राहणाऱ्या, रान नसलेल्या कुटुंबाने मात्र गाय पाळू नये, असं माझं मत आहे. त्याने ओळखीच्या शेतकऱ्याकडून दूध घ्यावं, बाजारभावापेक्षा जास्त दराने घ्यावं आणि गाय आटल्यावरही महिन्याची रक्कम चालू ठेवावी. तो जादा पैसा गोऱ्ह्याच्या आणि भाकड गाईच्या वैरणीचा आहे. तो द्यायची तयारी असेल, तर त्या दुधाला निर्दोष म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे.