देह, सॉफ्टवेअर आणि क्षेत्रज्ञ

देह म्हणजे हार्डवेअर आणि आत्मा म्हणजे सॉफ्टवेअर, हा दृष्टान्त अलीकडच्या प्रवचनांतून आणि अध्यात्मविषयक लेखनातून इतका रुळला आहे की तो तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. दिसणारे यंत्र एकीकडे आणि न दिसणारी, पण यंत्राला चालवणारी शक्ती दुसरीकडे, ही मांडणी श्रोत्याला चटकन पटते. परंतु तिच्यातील तांत्रिक संज्ञा नीट उलगडून पाहिल्या, तर हा दृष्टान्त संगणकाविषयीही चुकीचे सांगतो आणि आत्म्याविषयीही, असे दिसून येते. हा दोष किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण यंत्राला चेतना येईल काय, या आज गांभीर्याने विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाची चर्चा पुष्कळदा याच गोंधळातून सुरू होते.

हार्डवेअर म्हणजे यंत्राचा हाताला लागणारा भाग, आणि त्याचा मूळ घटक ट्रान्झिस्टर होय. 1947 च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला आणि या कार्यासाठी त्या दोघांना विल्यम शॉकली यांच्यासह 1956 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचा ट्रान्झिस्टर सिलिकॉनवर घडवतात. सिलिकॉन हा अर्धवाहक आहे, म्हणजे त्यात फॉस्फरस किंवा बोरॉन यांचे अत्यल्प अणू मिसळून त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता हवी तशी बदलता येते. ट्रान्झिस्टरच्या एका टोकाला दिलेल्या विद्युतदाबावरून दुसऱ्या दोन टोकांमधला प्रवाह सुरू किंवा बंद होतो, आणि एका ट्रान्झिस्टरचा प्रवाह पुढच्या ट्रान्झिस्टरला दाब पुरवतो. प्रोसेसर म्हणजे सूचना पार पाडणारी चिप. तिच्यात असे अब्जावधी ट्रान्झिस्टर एकमेकांना उघडत-मिटत असतात आणि याहून वेगळे असे तेथे काहीही घडत नाही.

या चालू-बंद अवस्थांपैकी एकीला 1 आणि दुसरीला 0 म्हणायचे ठरवले की बिट तयार होतो. क्लॉड शॅनन यांनी 1948 च्या आपल्या शोधनिबंधात माहिती मोजण्याचे एकक म्हणून बिटाला स्थान दिले. आठ बिटांचा एक बाइट होतो आणि त्यातून 256 निरनिराळ्या रचना मिळतात. जगातील लिपींतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत मराठीतील ‘क’ या अक्षराचा क्रमांक 2325 आहे, आणि सर्वाधिक प्रचलित असलेल्या यूटीएफ-8 या लेखनरीतीत ते अक्षर 224, 164 आणि 149 या तीन बाइटांनी साठवले जाते. या तीन संख्यांत ‘क’चा ध्वनी नाही आणि आकारही नाही; लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या यंत्रांनी पाळलेला संकेत तेवढा आहे. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य मानणारे मीमांसक आणि तो संकेतजन्य मानणारे नैयायिक यांच्यातील जुन्या वादात यंत्रापुरता तरी नैयायिकांचा पक्ष निर्विवाद ठरतो.

सॉफ्टवेअर म्हणजे सूचनांची मालिका: अमुक दोन संख्या मिळव, उत्तर शून्य आले तर तमुक सूचनेकडे जा, अशा अगदी बारीक पायऱ्यांची. या सूचनाही बिटांतच लिहिलेल्या असतात आणि ज्या स्मृतिकोशांत माहिती राहते त्याच कोशांत त्याही राहतात. जॉन फॉन नॉयमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 1945 च्या अहवालात ही रचना मांडलेली आहे. याचा अर्थ असा की सॉफ्टवेअर ही हार्डवेअरचीच एक अवस्था आहे. रॅम, म्हणजे काम चालू असताना वापरली जाणारी तात्पुरती स्मृती, हिच्यात प्रत्येक बिट एका सूक्ष्म धारित्रातील विद्युतभाराच्या रूपाने असतो. हा भार सतत गळत असल्यामुळे साधारणपणे दर 64 मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कोश वाचून पुन्हा भरावा लागतो, आणि म्हणून पडद्यावर तासभर स्थिर भासणारे अक्षर आत क्षणोक्षणी नव्याने घडत असते. बौद्धांच्या क्षणभंगवादाला याहून नेटके उदाहरण प्राचीन काळी मिळणे शक्य नव्हते. मोबाइलच्या कायमच्या साठवणीत, म्हणजे फ्लॅश मेमरीत, इलेक्ट्रॉन विद्युतरोधक थरांमध्ये अडकवून ठेवतात, म्हणून वीज गेली तरी तेथील बिट टिकतो. बिट पुसण्यालाही भौतिक किंमत आहे: एक बिट पुसताना काही किमान उष्णता बाहेर पडलीच पाहिजे, हे रॉल्फ लँडाउअर यांनी 1961 मध्ये दाखवून दिले. जे पुसताना उष्णता द्यावी लागते, त्याला निर्देह म्हणता येत नाही. सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही एवढेच खरे.

यावर असा आक्षेप घेता येईल की सॉफ्टवेअर म्हणजे तो विशिष्ट विद्युतभार नव्हे, तर त्याचा आकृतिबंध. तोच प्रोग्राम लाखो यंत्रांत एकाच वेळी चालतो, म्हणून तो कोणत्याही एका यंत्राहून वेगळा आहे. आक्षेप रास्त आहे, परंतु तो मान्य केल्यावर सॉफ्टवेअर आत्म्याच्या जवळ न जाता न्याय-वैशेषिकांच्या सामान्याजवळ जाते, म्हणजे अनेक व्यक्तींत समान असणाऱ्या गोत्वासारख्या धर्माजवळ. न्याय आणि सांख्य यांच्या मते प्रत्येक देहाचा आत्मा किंवा पुरुष वेगळा, आणि त्याच्या प्रती निघत नाहीत. अद्वैताच्या मते आत्मा एकच आहे खरा, पण तो निर्गुण आहे, तर सॉफ्टवेअर म्हणजे केवळ भेद आणि गुण. त्यातून सगळे भेद काढून टाकले तर कोरी चिप उरते.

पुनर्जन्म समजावण्यासाठी या दृष्टान्ताचा जो विस्तार केला जातो, म्हणजे जीव नव्या देहात डाउनलोड होतो असे जे सांगितले जाते, तोही याच ठिकाणी अडखळतो. डाउनलोड या क्रियेत दूरच्या यंत्रावरची फाइल निघून येत नाही. ती तेथेच राहते आणि इकडे तिच्यासारखी दुसरी रचना तयार होते. एका यंत्रावरून दुसऱ्यावर फाइल ‘हलवणे’ म्हणजेही आधी प्रत काढणे आणि मग मूळ काढून टाकणे. डिलीट या क्रियेत तर पुष्कळदा फाइलची नोंद तेवढी पुसली जाते. ग्रंथालयाच्या सूचीतून पुस्तकाचे नाव खोडले तरी पुस्तक फळीवर राहावे, तसे तिचे बिट त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत राहू शकतात. एक देह सोडून दुसऱ्यात जाणाऱ्या, पण एकाच वेळी दोन्हीकडे नसणाऱ्या जीवाची कल्पना या तिन्हींपैकी कोणत्याच क्रियेत बसत नाही.

मग दर्शनांच्या चौकटीत सॉफ्टवेअरची जागा कोणती? सांख्यांनी बुद्धी, अहंकार आणि मन हे तिन्ही प्रकृतीच्या बाजूला ठेवले आहेत. निश्चय करणारी बुद्धी, ‘मी’पण लावणारा अहंकार आणि संकल्प करणारे मन ही सूक्ष्म असली तरी जडच, आणि पुरुष त्यांचा केवळ साक्षी. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात क्षेत्राची, म्हणजे देह आणि त्याच्याशी जोडलेल्या सर्वांची, गणना याहूनही पुढे जाते: इच्छा, द्वेष, सुख आणि दुःख यांच्या जोडीला चेतनाही क्षेत्रातच मोजली आहे आणि या सर्वांना जाणणारा क्षेत्रज्ञ वेगळा ठेवला आहे. ज्ञानेश्वरांनी या गणनेचा सविस्तर विस्तार मराठीत केला असूनही मराठी श्रोत्यापुढे सॉफ्टवेअरला आत्म्याच्या जागी बसवले जावे, ही खेदाची गोष्ट आहे. या विवेकाने पाहिले तर सॉफ्टवेअर फार तर अंतःकरणाच्या, म्हणजे बुद्धी, अहंकार आणि मन यांच्या, ओळीत बसेल. तेथेही प्रोसेसर म्हणजे बुद्धी, रॅम म्हणजे मन अशा जोड्या लावत बसू नये, कारण तो मूळ दोषाचाच पुढचा अवतार होईल. मेमरीचे उदाहरण घेतले तर न्यायशास्त्रात स्मृती हे संस्कारातून उपजणारे ज्ञान आहे. यंत्रात जे टिकून राहते ते फार तर संस्काराच्या जागी ठेवता येईल, आणि ते वाचले जाणे म्हणजे एका कोशाचा विद्युतदाब दुसऱ्याकडे पोहोचणे, ज्याला ज्ञान म्हणण्यासाठी आणखी काही सिद्ध करावे लागेल.

अ‍ॅलन ट्युरिंग यांनी 1950 मध्ये यंत्र विचार करते काय हा प्रश्न बाजूला ठेवून, संभाषणात ते माणसापासून वेगळे ओळखू येते काय, हा प्रश्न पुढे आणला. 1980 मध्ये जॉन सर्ल यांनी, नियमांप्रमाणे चिन्हांची अदलाबदल केल्याने अर्थ कळला असे होत नाही, असा प्रतिवाद केला. न्यायसूत्रांत इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान ही आत्म्याची लिंगे, म्हणजे त्याचे अनुमान करून देणारी चिन्हे सांगितली आहेत, त्यामुळे यंत्राने भीती वाटते असे म्हटले तर नैयायिकाला तो हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, तपासावा लागेल. एका ओळीचा साधा प्रोग्रामही तेच वाक्य पडद्यावर उमटवू शकतो आणि तेथे भीती आहे असे कोणी म्हणत नाही; म्हणजे हेतू साध्याला, म्हणजे जे सिद्ध करायचे त्याला, सोडूनही राहतो, तो सव्यभिचार आहे, आणि केवळ वाक्यावरून अनुमान निघत नाही. वेदान्त्याची अडचण याहून खोल आहे, कारण यंत्रातील इच्छा खरी मानली तरी ती क्षेत्राचाच भाग ठरते आणि क्षेत्रज्ञाविषयी काहीच सांगत नाही. पंचदशी या वेदान्तग्रंथात मांडलेल्या विचारानुसार चैतन्य सर्वत्र असले तरी त्याचा आभास स्वच्छ उपाधीतच, म्हणजे अंतःकरणातच, पडतो. दगडात तो पडत नाही. त्या परंपरेत विचार करणाऱ्याला यंत्रात आत्मा आहे काय, असे विचारून चालणार नाही. विद्युतभारांची ही रचना आभास ग्रहण करण्याइतकी स्वच्छ उपाधी होऊ शकते काय, आणि झाली तर ते कोणत्या प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या कोणत्या साधनाने, कळेल, असे त्याला विचारावे लागेल. आणि दाब, प्रवाह व बिट यांचे कितीही अचूक वर्णन केले तरी त्या वर्णनात या प्रमाणाचा पत्ता लागत नाही.