नववा महिना
हैदराबादच्या तारनाका भागातील राष्ट्रीय पोषण संस्था मुळात अन्नाचा अभ्यास करणारी. १९१८ साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या बेरीबेरीवरील संशोधनातून तिचा उगम झाला, १९५८ मध्ये ती हैदराबादला आली आणि १९६९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. लसीकरणाच्या चर्चेत तिचा उल्लेख क्वचितच होतो आणि त्यामुळे ती चर्चा अपुरी राहते, कारण लस का द्यावी याचे एक भक्कम उत्तर मुलाच्या ताटाकडे पाहिल्यावरच सापडते.

गोवर आलेल्या मुलाची भूक मरते, त्याला जुलाब लागतात आणि शरीरातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने घटतो. हा साठा आधीच तुटपुंजा असेल, तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, मऊ पडून नष्ट होतो आणि मूल कायमचे आंधळे होते. घरात कडुलिंबाच्या डहाळ्या ठेवून मुलाला कडक पथ्यावर ठेवण्याची रीत या घसरणीत भरच घालते. राष्ट्रीय पोषण संस्थेतील विनोदिनी रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोवर, कुपोषण व अंधत्व यांचा हा संबंध मुलांचा काळाच्या ओघात मागोवा घेऊन अभ्यासला आणि १९८६ साली तो प्रसिद्ध केला. कुपोषणामुळे गोवर गंभीर होतो हे वैद्यकाला ठाऊक होतेच. गोवर स्वतःच कुपोषण घडवतो, ही त्याची दुसरी बाजू मात्र धोरणाच्या दृष्टीने अधिक मोलाची ठरते. अशा स्थितीत ‘मूल अशक्त आहे, लस नंतर पाहू’ हा घरोघरी ऐकू येणारा सल्ला उलटाच म्हटला पाहिजे, कारण कुपोषित मुलाचे शरीरही गोवराच्या लशीला पुरेसा प्रतिसाद देते आणि रोगाचा सर्वांत मोठा धोका त्यालाच असतो.

भारतात पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. आईकडून आलेली प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निष्प्रभ करणारी प्रथिने, त्याआधी लशीतील दुर्बल केलेल्या विषाणूलाही रोखतात. फार उशीर केला, तर ती ओसरल्यानंतरचा काळ मुलाला संरक्षणाविना काढावा लागतो. त्याच वेळी ‘अ’ जीवनसत्त्वाची एक लाख एककांची मात्रा तोंडाने पाजतात. पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी अशा मोठ्या मात्रा द्याव्यात काय, यावर मात्र वाद आहे: १९९० मध्ये याच संस्थेच्या अभ्यासात या मात्रांमुळे बालमृत्यू घटल्याचे आढळले नाही, तर त्याच वर्षी तमिळनाडूतील अभ्यासात मोठी घट दिसली. औषधाच्या मात्रेपेक्षा पालेभाजीवर भिस्त ठेवण्याचा पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांचा आग्रह या वादात आजही ताजा वाटतो.

त्या आग्रहाचा सोयीस्कर अर्थ काढून, अन्न सुधारले की लशीची गरज उरत नाही, असे मांडले जाते. इंग्लंड-अमेरिकेत गोवराचे मृत्यू लशीआधीच बरेच घटले होते, हे खरे. रुग्णांची संख्या मात्र १९६० च्या दशकात लस येईपर्यंत घटली नव्हती. रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात एक रुग्ण बारा ते अठरा जणांना गोवर देऊ शकतो, म्हणूनच साथ रोखण्यास सुमारे ९५ टक्के मुलांना दोन मात्रा मिळाव्या लागतात, आणि सकस आहार हे काम करू शकत नाही.

२०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या दाट वस्तीत, गोवराची साथ उसळली तेव्हा नऊ महिन्यांचा नियमही मोडावा लागला आणि साथीच्या भागांत सहा महिन्यांच्या बाळांना जादा मात्रा देण्याचे ठरले. तिला ‘शून्य मात्रा’ म्हणतात, कारण ती हिशेबात धरली जात नाही. पुढच्या दोन्ही मात्रा त्या बाळाला वेळेवर घ्याव्याच लागतात.