गिरणीवाल्याचे हात

दळणाचा डबा गिरणीत ठेवून आपण बिनघोर बाजाराला जातो. आपल्याच गव्हाचे पीठ मिळेल, डब्यातले मूठभरही कमी होणार नाही, असा आपला विश्वास असतो. पण त्या पिठाचे पुढे आपण काय करतो, हे गिरणीवाला कधी विचारत नाही. त्याने विचारावे का? माणसाच्या कामाची जबाबदारी कुठे संपते? दळून दिले, हात झटकले, की संपली? प्रिय बंधुभगिनींनो, या रविवारी तीनशे वर्षांपूर्वीच्या एका गिरणीवाल्याच्या सोबतीने आपण या प्रश्नाचा विचार करू या.

त्याचे नाव हाइनरिख फुंक. तो मेनोनाइट पंथाचा होता. मेनो सिमन्स हा फ्रिझलँडमधील कॅथलिक धर्मगुरू. त्याने १५३६ साली आपले धर्मगुरूपद सोडले. त्याच्या नावावरून या लोकांना मेनोनाइट म्हणू लागले. स्नानसंस्कार जाणत्या वयातच घ्यावा, शपथ वाहू नये आणि हाती शस्त्र धरू नये, ही त्यांची शिकवण. त्यापायी युरोपात त्यांचा अतोनात छळ झाला. छळ करणाऱ्यांत प्रॉटेस्टंट राजसत्ता होत्या, तशा आपल्या कॅथलिक राजसत्ताही होत्या, हे आपण मान खाली घालून कबूल केले पाहिजे. पुढे विल्यम पेन याने अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात धर्मस्वातंत्र्य दिले आणि हे लोक तिकडे जाऊन वसले. फुंक १७१९ च्या सुमारास इंडियन क्रीक नावाच्या ओढ्याकाठी आला. तेथे त्याने पाणचक्की चालवली. तो आपल्या समाजाचा बिशपही होता. मेनोनाइटांचे धर्मसेवक पगारी नसत. मंडळीतूनच निवडलेला माणूस आठवडाभर शेती किंवा धंदा करी आणि रविवारी प्रवचन देई. पिठाने पांढरे झालेले हातच रविवारी बायबल उघडीत.

नव्या वसाहतीत गिरणीवाल्याचे वजन मोठे असे. रानातल्या वाटा याच पाणचक्कीकडे येत. खालची तळी स्थिर, वरची फिरती. दोन्हींत फार अंतर पडले तर दाणा भरड निघे, फार जवळ आल्या तर पीठ करपे. म्हणून दळणारा पीठ बोटांच्या चिमटीत चोळून पाही. दगडांना अधूनमधून टाकी लावावी लागे. दळणावळ बहुधा पैशात नसे. आलेल्या धान्याचा ठराविक हिस्सा गिरणीवाला काढून घेई. तो हिस्सा काढताना शेतकरी काही त्याच्या डोक्यावर उभा नसे. मापात पाप करायला याहून सोयीची जागा कोणती? अनुवाद या पुस्तकात मोशे सांगतो, की कर्जापोटी कुणाचे जाते गहाण ठेवून घेऊ नये, कारण ते त्याचे जीवनच आहे. ज्याच्या हाती जाते, त्याच्या हाती शेजाऱ्याचे जीवन.

आता खरी कसोटी. १७४५ साली पेनसिल्व्हेनियाच्या मेनोनाइटांनी अ‍ॅम्स्टरडॅममधील आपल्या बांधवांना पत्र लिहिले. युद्धाचा वणवा जवळ येत आहे, आपल्या तरुणांना पूर्वजांची श्रद्धा कळावी म्हणून रक्तसाक्ष्यांच्या चरित्रांचा मोठा डच ग्रंथ जर्मन भाषेत हवा आहे, असा त्याचा आशय होता. अखेर एफ्राटा येथील मठवासीयांनी तो ग्रंथ १७४८-४९ मध्ये छापला. त्याची पाने सुमारे पंधराशे. भाषांतर मुळाशी ताडून पाहण्याचे किचकट काम फुंक आणि डीलमन कोल्ब यांनी केले. त्या ग्रंथात डर्क विलेम्स याची कथा आहे. १५६९ साली तो तुरुंगातून पळाला. पाठलाग करणारा शिपाई गोठलेल्या पाण्यावरचा बर्फ फुटून बुडू लागला. विलेम्स मागे फिरला, त्याने त्याला वाचवले, पण स्वतः पकडला गेला आणि जिवंत जाळला गेला.

फुंक १७६० मध्ये वारला. पंधरा वर्षांनी अमेरिकन क्रांतियुद्ध पेटले. सैनिकांनी एफ्राटामध्ये पडून असलेले त्या ग्रंथाचे न विकलेले कागद काडतुसे गुंडाळण्यासाठी नेले. वैऱ्याला वाचवणाऱ्याची कथा ज्या कागदावर छापली होती, त्यातच बंदुकीची दारू भरली गेली!

फौजेला पीठ हवे असते, घोडे हवे असतात, कर हवा असतो. ७ नोव्हेंबर १७७५ रोजी मेनोनाइट आणि जर्मन बॅप्टिस्ट यांनी प्रांताच्या विधिमंडळाला निवेदन दिले. गरजवंताला मदत करू, भुकेल्याला जेवू घालू, पण ज्याने माणसाचा जीव घेतला जातो अशा कशालाही हातभार लावणार नाही, असे त्यांनी नम्रपणे कळवले. वाचताना ओळ किती स्वच्छ वाटते! पण भुकेलेला माणूस शिपाई असेल तर? फुंकचा मुलगा ख्रिस्तियान हाही धर्मसेवक होता. युद्धाचा कर भरायला हरकत नाही, असे तो म्हणाला आणि नाण्याविषयी येशूने दिलेल्या उत्तराचा त्याने दाखला दिला. इतर धर्मसेवकांना ते पटले नाही. १७७८ च्या सुमारास त्याला मंडळीबाहेर काढण्यात आले. तलवार न धरणारे लोकही एकमेकांपासून तुटले.

मग बरोबर कोण होते? त्याच काळात इटलीत संत आल्फोन्सस लिग्वोरी (१६९६-१७८७) याच प्रश्नावर लिहीत होते. ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात दुष्कृत्यातील सहभागाचे दोन प्रकार मानतात. दुसऱ्याचा वाईट हेतू आपलासा करून केलेली मदत कधीच क्षम्य नाही. हेतू आपला नाही, पण आपल्या कामाचा उपयोग वाईटासाठी होतो, तेव्हा आपण त्या कृत्याच्या किती जवळ आहोत आणि आपले कारण किती गंभीर आहे, हे तोलावे लागते. वाटेवरच्या भुकेल्या शिपायाला भाकरी देणे वेगळे आणि लढाई लांबली तर बरेच, असे म्हणत फौजेला चढ्या भावाने पीठ विकणे वेगळे. पीठ एकच, पण देणारी मने दोन.

तरीही पूर्ण स्वच्छ हात कुणाचे? ज्या मुलखात फुंकची चक्की फिरत होती, तो पूर्वी लेनापी आदिवासींचा. ओढ्याच्या नावातच त्यांची आठवण आहे. याच प्रांतात १७३७ साली पेनच्या वारसांनी कपटाने लेनापींची विस्तीर्ण जमीन बळकावली. शांतिप्रिय माणसांनी ती लूट केली नाही, पण त्या मुलखाची सुबत्ता त्यांच्याही वाट्याला आली. म्हणून ‘मी फक्त दळतो’ ही पळवाट आहे आणि ‘माझे हात स्वच्छ आहेत’ हा गर्व आहे.

आपल्यापैकी कुणी हिशेब लिहितो, कुणी छापखाना चालवतो, कुणी वाडवडिलांची जमीन विकतो, कुणी साहेबाने पुढे केलेल्या कागदावर सही करतो. ‘आपण काय, हुकुमाचे ताबेदार’, असे आपण सहज म्हणून जातो. नोकरी सोडणे प्रत्येकाला शक्य नसते, मुलाबाळांचे पोट असते, हे देवाला ठाऊक आहे. पण विचारणे तर शक्य आहे. माझ्या कामाने कुणाचे घर भरते आणि कुणाचे मोडते? चूक दिसली तर एक शब्द तरी मी बोललो का? आणि ज्याने माझ्यापेक्षा वेगळा निर्णय घेतला, त्याला मी अजून भाऊ म्हणतो का?

हा शेवटचा प्रश्न विसरू नये. ज्यांच्या पूर्वजांचा आपल्या पूर्वजांनी छळ केला, त्या मेनोनाइटांबरोबर ख्रिस्तसभेने १९९८ ते २००३ अशी पाच वर्षे संवाद केला आणि शांतीचे कार्यकर्ते होण्याचे पाचारण दोघांनाही आहे, असे एकत्र मांडले. हे लोक आपल्या देशालाही परके नाहीत. १८९९ पासून छत्तीसगडमधील धमतरी येथे त्यांचे मिशनकार्य सुरू झाले, त्याच्या मागे दुष्काळातील भुकेल्यांची हाकच होती.

आज पवित्र मिस्सामध्ये आपण वेदीवर भाकर आणू. ती कुणीतरी पेरली, कुणीतरी दळली, कुणीतरी भाजली. अर्पणाच्या वेळी आपल्या आठवडाभराच्या कामाचे पीठही मनोमन तेथे ठेवू या. प्रभूसमोर ते ठेवताना हात थरथरला, तर त्या थरथरण्याचे कारण सोमवारी सकाळी कामावर जाण्यापूर्वी शोधू या.