मौनाचा धर्म आणि सांगण्याचे कर्तव्य : कारखान्यातील परिचारिका व कायदा

कारखान्याच्या दवाखान्यात काम करणारी परिचारिका एकाच वेळी दोन नात्यांनी बांधलेली असते. तिचा पगार मालक देतो, पण विश्वासाने तिच्याजवळ आपले दुखणे सांगतो तो कामगार. कामामुळे होणारे आजार आणि अपघात टाळणे, आणि प्रकृतीला झेपेल असे काम माणसाला मिळवून देणे, याला व्यावसायिक आरोग्यसेवा म्हणतात. या सेवेत रुग्ण आणि पैसे देणारा या दोन भिन्न व्यक्ती असतात व त्यांचे हितसंबंध अनेकदा एकमेकांच्या आड येतात. त्यामुळे परिचारिकेला कळलेले सत्य कोणाच्या मालकीचे, हा केवळ नोकरीच्या नियमांचा प्रश्न राहत नाही. सत्य, अहिंसा आणि निष्ठा यांच्या परस्परसंबंधाचा तो तात्त्विक प्रश्न ठरतो.

या पेशाच्या वाढीत अमेरिकेतील राज्यांच्या कायद्यांचा मोठा वाटा आहे. इंग्लंडमध्ये फिलिपा फ्लॉवरडे १८७८ मध्ये नॉर्विचच्या कोलमन मोहरी कारखान्यात आणि अमेरिकेत एडा स्टुअर्ट १८९५ मध्ये व्हरमाँट राज्यातील संगमरवराच्या कंपनीत परिचारिका म्हणून रुजू झाल्या होत्या. मात्र १९११ मध्ये विस्कॉन्सिनसह काही राज्यांनी नुकसानभरपाईचे कायदे केले आणि पुढील दशकात बहुतेक राज्यांनी त्यांचे अनुकरण केले, तेव्हा चित्र बदलले. त्याआधी जखमी कामगाराला मालकाचा निष्काळजीपणा न्यायालयात सिद्ध करावा लागे. नव्या व्यवस्थेत दोष कोणाचा हे न पाहता भरपाई मिळू लागली आणि त्या बदल्यात कामगाराने दावा लावण्याचा हक्क बहुतांशी सोडला. अपघाताचा खर्च मालकाच्या हिशेबात आल्यामुळे परिचारिका नेमणे त्याला परवडू लागले. करुणा आणि काटकसर अशा रीतीने एकाच पदावर एकत्र आल्या, आणि जी माहिती कामगाराला बरे करण्यासाठी घेतली जाते, तीच त्याला कामावरून दूर करण्यासाठी वापरली जाण्याची शक्यताही त्याच पदात शिरली.

महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो ती कौशिक ब्राह्मणाची कथा इथे प्रस्तुत ठरते. सदैव खरे बोलण्याचे व्रत घेतलेल्या कौशिकाला दरोडेखोर विचारतात की जीव वाचवण्यासाठी पळालेली माणसे कोणत्या वाटेने गेली. तो वाट दाखवतो, माणसे मारली जातात आणि कौशिकाच्या वाट्याला नरक येतो. कौशिकाने खोटे काहीच सांगितले नव्हते. ऐकणारा त्या सत्याचे काय करणार, हा विचार त्याने केला नाही, हा त्याचा अपराध होता. प्राणिमात्राचे धारण करतो तो धर्म, ही त्या प्रसंगातील धर्माची कसोटी सत्यालाही लागू पडते.

कॅलिफोर्निया राज्याचा १९८१ चा वैद्यकीय माहिती गोपनीयतेचा कायदा या कसोटीला आधुनिक रूप देतो. मालकाच्या लेखी विनंतीवरून आणि त्याच्याच खर्चाने तपासणी झाली असली, तरी कामगाराच्या संमतीशिवाय मालकाला सांगता येते ते मुख्यतः एवढेच, की हा माणूस कोणते काम करू शकतो आणि कोणते नाही. त्यामागचे वैद्यकीय कारण सांगण्यास कायदा मनाई करतो. मालकाच्या हाती पडणाऱ्या दाखल्यावर ‘चार आठवडे जड वजन उचलू नये, उंचावर चढू नये, रात्रपाळी देऊ नये’ असे लिहिलेले असू शकते. ते बंधन मणक्याच्या दुखण्यामुळे आहे, फिटांमुळे आहे की मानसिक आजारावरील गोळ्यांमुळे, हे त्यावर नसते. कामगाराने स्वतःच भरपाईचा दावा करून आपली प्रकृती वादाचा विषय केली, तर त्या दाव्यापुरते हे दार उघडते.

यावर आक्षेप असा, की अर्धे सत्य हे असत्याचेच रूप असते. इमॅन्युएल कांट याने १७९७ मधील एका प्रसिद्ध निबंधात, मारेकऱ्याने विचारले तरीही खोटे बोलता येत नाही, अशी टोकाची भूमिका घेतली होती. परंतु ती मान्य केली तरी परिचारिकेचे मौन दोषी ठरत नाही, कारण तिला खोटे बोलावेच लागत नाही. दाखल्यातील प्रत्येक शब्द खरा असतो, आणि सहकाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी मालकाला जे कळणे आवश्यक आहे, ते सर्व त्यात असते. क्रेन चालवणाऱ्याला क्रेनपासून दूर ठेवण्यासाठी त्याच्या आजाराचे नाव कळण्याची गरज नसते. आजाराचे नाव कळल्याने सुरक्षितता तसूभरही वाढत नाही. वाढते ती मालकाची सत्ता.

तथापि मौन हाच नेहमी धर्म असतो असे मानले, तर कौशिकाच्या चुकीच्या उलट टोकाची चूक घडेल. आजार माणसाचा नसून जागेचा असेल, म्हणजे कारखान्यातील धूळ, शिसे किंवा विषारी वायू हेच त्याचे कारण असेल, तर गप्प बसणे म्हणजे पुढच्या कामगाराला त्याच धुळीत ढकलणे होय. म्हणूनच कॅलिफोर्नियात कीटकनाशकाच्या विषबाधेची शंका आली, तरी डॉक्टरने २४ तासांच्या आत स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. तेथील नियमांनुसार कामगारांच्या वैद्यकीय नोंदी सामान्यतः नोकरी संपल्यानंतरही ३० वर्षे जपाव्या लागतात आणि त्या पाहण्याचा हक्क कामगाराला असतो. ॲस्बेस्टॉसचे किंवा दगडाच्या धुळीचे आजार कित्येकदा काही दशकांनी प्रकट होतात, हे या दीर्घ मुदतीमागचे कारण आहे.

भारतातही हे सूत्र अपरिचित नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, यांसारखे रोग कारखाना निरीक्षकांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक केले; पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात परिचर्या कर्मचाऱ्यांसह रुग्णवाहिका कक्षाची तरतूद केली; आणि राज्य सरकारने नेमलेल्या प्रमाणक शल्यचिकित्सकाचा, म्हणजे प्रकृती तपासून दाखला देणाऱ्या डॉक्टरचा, कारखान्यात कोणताही हितसंबंध नसावा अशी अट घातली. परंतु त्या कायद्याचा हात कारखान्याच्या फाटकापलीकडे पोहोचत नव्हता. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, तेव्हा जिथे फाटकच नाही, तिथे कोणी कोणाला कळवायचे, हा प्रश्न किती जीवघेणा आहे हे महाराष्ट्राने पाहिले.

शेवटचा प्रश्न असा, की हे सारे परिचारिकेच्या सदसद्विवेकावर का सोडू नये. सेवेचा गौरव करणाऱ्या परंपरेत असे उत्तर सहज सुचते, की खरी सेविका परिणामांची पर्वा करत नाही. निष्काम कर्माचा आदर्श थोर आहे. पण जिच्या एका पगारावर घर चालते, तिच्याकडून दररोज त्या धैर्याची अपेक्षा करणारी आणि मालकाला मात्र कोणतेही बंधन न घालणारी व्यवस्था त्या आदर्शाचा गैरवापर करते. साहेबांनी आजाराचे नाव विचारले असता ‘कायद्याने सांगता येत नाही’ एवढे म्हणता येणे, हीच तिच्या धर्माची खरी तटबंदी आहे. कायदा करुणा निर्माण करू शकत नाही, पण करुणेची किंमत एकट्या माणसाला मोजावी लागू नये, एवढे तो निश्चित करू शकतो. आणि जिथे तो हे करत नाही, तिथे समाजाने परिचारिकेच्या त्यागाचे गोडवे गाण्याआधी आपल्या कायद्याची उणीव भरून काढली पाहिजे.